सर्पगंधेचं बी रुजतच नाही, काय करावं?

मागच्या वर्षीचं, पाकिटातलं बी असेल तर त्याची आशा सोडा. सर्पगंधेचं बी ताजंच बरं उगवतं, आणि तेही बहुधा निम्म्याहून कमी. काळी-जांभळी पिकलेली फळं मिळाली की गर चोळून धुवा, बिया पाण्यात टाका. तरंगतील त्या बहुतेक पोकळ, फेकून द्या. बुडालेल्या २४ तास भिजवून मे-जूनमध्ये सावलीतल्या वाफ्यात पेरा. मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत हवं. कवच टणक असतं, कोंब दिसायला महिना-दीड महिना सहज लागतो. लोक पंधरा दिवसांतच वाफा उकरून बघतात!

जंगलातलं रोप मात्र उपटून आणू नका, मुळ्यांसाठी ओरबाडूनच ती विरळ झालीय. आणि रक्तदाबावर घरच्या घरी मुळी उगाळून घेणार असाल तर तेही नको. त्यातलं रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य डॉक्टरही जपून देतात.