आख्खं पान उतरव

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

तुझा मेसेज वाचला, फोटो बघितले, मग परत मेसेज वाचला. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात दोन लक्ष्मण निघाले, दोघंबी एकाच सालचे, दोघांचं गाव पिंपळगाव, आडनाव कुणालाच नाही, आणि तू विचारायलीस की काका, यातला आमचा कोणता धरू. घरात पहिल्या लक्ष्मणाला पसंती आहे कारण त्याच्यापुढं धंदा शेती लिहिलाय, दुसऱ्यापुढं मजुरी. आणि तुझी रात्रीची झोप उडालीय की चुकीचा माणूस पणजोबाचा बाप म्हणून लावला तर काय.

उडू दे झोप, चांगलं लक्षण आहे. पण तू मला पाठवलंस काय? दोन कापलेल्या पट्ट्या. एकेक ओळ, बाकी पान क्रॉप केलेलं. दुसऱ्या फोटोच्या खालच्या कडेला पुढच्या ओळीची अर्धी अक्षरं दिसायलीत, त्यात "विधवा" एवढंच वाचता येतंय. ती विधवा कोण आहे? लक्ष्मणाची आई असेल, बहीण असेल, शेजारीण असेल. तुझं सगळं उत्तर कदाचित त्या ओळीत आहे आणि तूच ती कापून टाकलीस. आख्खं पान उतरव. मी तुला बाकी काही शिकवलं नाही तरी चालंल, एवढं एकच डोक्यात ठेव.

कारण त्या काळात माणूस एकटा बाप्तिस्मा घ्यायला क्वचितच यायचा. बायको, पोरं, म्हातारी आई, भावाचं घर, सगळे एकाच दिवशी, आणि लिहिणारा त्यांना एकाखाली एक लिहीत जायचा. म्हणून नातं रकान्यात सापडत नाही, ते वरच्या-खालच्या ओळीत सापडतं. आईबापाचं नाव कोरं असलं तरी क्रमांक सांगतो, तारीख सांगते, सही कुणाची ते सांगतं. आणि लग्नाच्या रजिस्टरात साक्षीदार बघ. वीस वर्षांनी पोराच्या लग्नाला अंगठा कुणी उठवलाय? त्याच विधवेचा दुसरा पोरगा साक्षीदार म्हणून उभा असला तर झालं की, तुझा लक्ष्मण ठरला, आणि तो मजुरीवाला ठरला तर मजुरीवालाच लिहायचा.

आता जरा माझं ऐक. माझ्या वडिलांनी फार आधी, मी शाळेत होतो तेव्हा, आमच्या घराण्याच्या ओळी एका वहीत उतरवून आणल्या होत्या. सुंदर अक्षर, निळी शाई, प्रत्येक नाव तारखेसकट. फक्त आमच्या ओळी. पुढं एका पावसाळ्यात चर्चातल्या रजिस्टरांच्या कपाटाला पाणी लागलं आणि रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली. वही माझ्याकडं आहे. त्यात आजोबांच्या बापाचं नाव आहे, वय "सुमारे ८" आहे, पण त्याच दिवशी त्याच्याबरोबर आणखी कुणी होतं का, त्याला कुणी आणलं, हे सांगणारी वरची ओळ नाही आणि खालची ओळ नाही. वडिलांना मी दोष देत नाही, त्यांना वाटलं रजिस्टर काय, ते कायमचंच आहे. पण ती वही उघडली की अजून जीव तुटतो. म्हणून मी चिडतो, म्हणून तुझ्यावर पण चिडलो, राग मानू नको.

दुसरं, कुठं हुडकायचं ते. तू लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या नोंदी चाळत बसलीस आणि काही मिळालं नाही म्हणून रडकुंडीला आलीस. अगं तिथं गेलेल्या नकला म्हणजे मुख्यतः गोऱ्यांच्या, छावणीतल्या सोल्जरांच्या, त्यांच्या बायकापोरांच्या. जालन्याला छावणी होती, औरंगाबादला होती, त्यांचं रजिस्टर वेगळं आणि मिशनचं वेगळं. आपली माणसं मिशनच्या रजिस्टरात. आणि मिशन कोणतं ते आधी ठरव. जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे प्रेस्बिटेरियनांचं काम होतं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली ती त्याच मिशनची. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन. वैजापूर-गंगापूरकडं कॅथलिक, उदगीर-बीदरकडं मेथडिस्ट. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन एकत्र आले, उदगीर-बीदरकडचे अमेरिकन मिशनचे मेथडिस्ट आले नाहीत. तेव्हा आजच्या पाटीवर जाऊ नको, शंभर वर्षांपूर्वी पाटी कोणती होती ते विचार. मिशनऱ्यांनी घरी पाठवलेली पत्रं न् अहवाल पण आहेत, फ्री चर्चचे एडिंबराच्या नॅशनल लायब्ररीत, सोसायटीचे बर्मिंगहॅम विद्यापीठात. त्यात तुझ्या लक्ष्मणाचं नाव असेलच असं नाही, पण त्या साली पिंपळगावात काय घडलं ते असू शकतं.

कॅथलिक बाजूला सोयरीक निघाली तर तुझं नशीब चांगलं. नोंद लॅटिनमध्ये असंल, घाबरू नको, ठरलेले पाच-दहा शब्दच परत परत येतात. त्यात धर्ममाता-धर्मपित्याचं नाव असतं, आणि विसाव्या शतकात तर बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात पुढं झालेलं लग्नही लिहायला लागले, कुणाशी, कुठल्या चर्चात. समास! आणि तुम्ही पोरं समासच कापून टाकता.

तेच त्या वंशवृक्षाच्या वेबसाइटचं. फॅमिलीसर्च फुकट आहे, मी पण वापरतो, पण तिथली इंडेक्स म्हणजे नाव, आईबाप, तारीख, बस. पान नाही. आणि ती हिंट येते ना, "हा तुमचा पूर्वज असू शकतो", त्यावर बोट दाबून तू दोन लक्ष्मणांचा एक करून टाकलास, ते आधी सोडव. जोडायला एक सेकंद लागतो आणि मग ते झाड बघून दहा लोक तेच उतरवून घेतात.

गावाचा कागद पण बघ. खासरा पत्रक, म्हणजे शेतजमिनीची जुनी नोंद, १९५४-५५ चं तहसीलला मिळतं, त्याच्या मागचं निजामाच्या अमलातलं उर्दूत, कधी मोडीत. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुलाचं असंल तर ५९० मिळव, म्हणजे १३०९ फसली ते १८९९-१९०० चा दुष्काळ. आणि लक्षात घे, बाप्तिस्म्यात नवीन नाव मिळालं तरी गाव त्याला जुन्याच नावानं हाक मारायचं, तलाठी पण तेच लिहायचा. चर्चात एक माणूस, सातबाऱ्यावर दुसरा, आणि दोघं एकच. म्हणून तर म्हणतो बाजूची नावं उतरव, शेताच्या चतुःसीमेवर जे भाऊबंद आहेत तेच रजिस्टरात वरखाली निघतील.

आता घरच्यांचं. तू लिहिलंस की मजुरीवाला निघाला, किंवा जातीच्या रकान्यात जे लिहिलंय ते समोर आलं, तर घरात वादळ होईल. होईल. माझ्या घरात झालं. दुसऱ्या रजिस्टरात आमच्या एका पणजोबापुढं लिहिलं होतं, दुष्काळातलं पोर, आईबाप माहीत नाहीत. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते की आपण मोठ्या वाड्यातले. आमच्या चर्चच्या मंडळीच्या वर्धापनदिनाला मी घराण्याची पुस्तिका काढली त्यात ते आख्खं पान छापलं, आहे तसं. चुलतभावाकडचे लोक तेव्हापासून आमच्याकडं लग्नाचं बोलावणं पाठवत नाहीत. मला कितीजणांनी सांगितलं की ती एक ओळ गाळली असती तर काय बिघडलं असतं. बिघडलं असतं ना! ज्या पोराला कुणी नव्हतं, जे आठ वर्षांचं पोर उपाशी चालत मिशनच्या बंगल्यापर्यंत आलं आणि जगलं, त्याच्याच पोटची आपण सगळी माणसं, आणि आपणच त्याला पुसायचं? बाहेरच्यांनी पुसलं तर आपण भांडतो. मी परत छापीन, उद्या सांगितलं तर उद्या. भाऊ बोलत नाही याचं दुःख आहे, खोटं कशाला सांगू, त्याच्या नातीचं लग्न झालं ते मला फेसबुकवर कळालं. पण ते पान मी कापणार नव्हतो.

तू आत्याशी भांडू नको मात्र. तिच्यासमोर पान ठेव आणि विचार, ही नावं ओळखीची वाटतात का. शेतीवाला लक्ष्मण हवा म्हणून हट्ट धरणारी बाई सुद्धा त्या विधवेचं नाव ऐकून एकदम म्हणंल, अगं ही तर आमच्या आजीची चुलती. म्हाताऱ्या माणसांना आपलं नाव विचारलं तर ते गोष्ट सांगतात, बाजूचं नाव विचारलं तर खरं आठवतं. आत्या आहे तोवर विचारून घे.

रविवारी उपासना झाल्यावर जाणार असशील तर पाळकसाहेबांना आधी फोन कर, ऐन वेळी कपाटाची किल्ली सापडत नाही. पेन नेऊ नको, पेन्सिल ने. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नको, जुन्या शाईनं कागद खाल्लेला असतो, कोपऱ्यात तुटतो. फ्लॅश बंद, खिडकीपाशी धर, चारी कडा फोटोत आल्या पाहिजेत. पहिल्या लक्ष्मणाचं पान, दुसऱ्याचं पान, दोघांच्या मागचं एक न् पुढचं एक. रजिस्टरचं सगळ्यात पहिलं पानही घे, त्यावर मिशनचं नाव न् साल असतं. मग घरी येऊन हातानं वहीत उतरव, स्पेलिंग सुधारू नको, "पिंपळगाव" तीन तऱ्हेनं लिहिलं असलं तर तीन तऱ्हेनंच. वाचता आलं नाही तिथं मोकळी जागा सोड, अंदाजानं भरू नको. आणि ती सात पानं मला पाठव, संध्याकाळी फोन कर, आपण दोघं मिळून विधवेपासून सुरू करू.

तुझा,
काका