टेबलावरची टोपली

प्रश्न : बाई, एटीडीच्या (कलाशिक्षक पदविकेच्या) वर्गात आम्हाला फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं प्राचीन रोममधल्या ब्रूटसचं चित्र दाखवलं. शिपाई मुलांचे मृतदेह घरी आणतायत आणि बाप त्यांच्याकडे पाठ करून बसलाय. वहीत 'कर्तव्यनिष्ठेचं प्रतीक' असं लिहून घेतलं. मला तर तो निर्दय वाटला. आणि ऐन मधे शिवणाची टोपली कशाला? माझी आई घरी शाळांचे गणवेश शिवते, म्हणून असेल, पण नजर तिथेच जाते.
– एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : नजर अगदी योग्य जागी गेली गं. टोपली उजेडात आहे, जवळची खुर्ची रिकामी. हातातलं काम टाकून बाई उठली, हे सांगायला दाविदला एवढं पुरलं. मी बारा वर्षांची असताना दुपारच्या भोंग्यानंतर गिरणीतून निरोप आला, वडील गेले. आई मशीनवरून उठली ती दारातच बसली. अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच. चार दिवस तिला कुणी हात लावला नाही. हे चित्र शिकवताना दरवेळी मला ती बाही दिसायची.

आता ब्रूटस. राजेशाही परत आणायच्या कटात त्याची दोन्ही मुलं होती आणि रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, म्हणून त्यानंच त्यांना देहदंड दिला. दाविदनं त्याला रोमदेवतेच्या पुतळ्यापाशी सावलीत बसवलंय, बायकांना उजेडात. आई हात पुढे करते, मुलगी शुद्ध हरपते, टोकाला दासी वस्त्रात तोंड लपवते. त्यांचं दुःख अंगभर दिसतं. त्याचं शोधायचं तर चेहरा सोड, पाय बघ. एकावर एक, आवळलेले. निर्दय माणूस असा बसेल का? कर्तव्यनिष्ठा खरीच, पण तेवढ्यानं हे पाय उलगडत नाहीत.

चित्र मुळात फ्रान्सच्या राजासाठी मागवलेलं. १७८९च्या जुलैत पॅरिसमधला बास्तीयचा तुरुंग क्रांतिकारकांच्या हाती पडला, त्याच वर्षी ते पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं आणि लोकांनी त्यात क्रांती वाचली. उत्तरात साल लिहायला विसरू नकोस.

मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, चार मीटरहून रुंद. तुझ्याकडे छापील प्रत असेल. टोपलीवर अंगठा ठेव. डावीकडचा बाप आणि उजवीकडच्या बायका दोन वेगळ्या चित्रांतल्या वाटतील. मग अंगठा काढ.