ग्रामीण आंतरवासितेला निघण्यापूर्वी
एमबीबीएसनंतरच्या आंतरवासितेतील (इंटर्नशिप) सामुदायिक वैद्यकशास्त्राचे 12 आठवडे केवळ सह्यांपुरते समजू नका. निवडीची मुभा असल्यास, जिथे बाळंतपणे होतात, सर्पदंशाचे रुग्ण येतात आणि वैद्यकीय अधिकारी मुक्कामी असतात, असे प्राथमिक आरोग्य केंद्र मागून घ्या. सर्पदंशात विषाचा रक्तावर परिणाम झाला का, हे कळण्यासाठी 2 मिलीलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का, हे पाहतात. नळी साबणाने धुतलेली असल्यास निष्कर्ष फसवा निघतो, हे मला माझ्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनीच शिकवले. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घडवलेली घरोघरची नवजात बालसेवा आज आशाताईंच्या गृहभेटींत पाहायला मिळते, तेव्हा एक दिवस त्यांच्याबरोबर अवश्य फिरा. निवास आणि विद्यावेतनाविषयी मात्र आधीच लेखी विचारणा करा. माझे विद्यावेतन चार महिने रखडले होते.