भारत की जर्मनी, राहायला खरंच कुठे चांगलं?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला स्टुटगार्टची ऑफर आहे, मुलगी ४ वर्षांची, तर जावं की पुण्यातच राहावं. आम्ही तिथेच ६ वर्षं राहून २०२३ ला पुण्याला परत आलो म्हणून लिहिते. पगार, टॅक्स, भाडं हे तुम्हाला कुणीही सांगेल, ते मी सोडते.

माझी मुलगी तिकडे पहिलीत गेली आणि दिवाळीच्या सुमारास एकटी शाळेत चालत जायला लागली, ६ वर्षांची पोर. तिकडे बरीच मुलं अशीच जातात, शाळाच सांगते की गाडीने सोडायला येऊ नका, पोलीस येऊन रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवतात, दप्तराला चमकणाऱ्या पट्ट्या असतात, फूटपाथ सलग असतो आणि झेब्रा क्रॉसिंगला गाड्या थांबतात. पहिले ४ दिवस मी तिच्या मागे मागे लपत गेले, मग सोडून दिलं. आता ती पुण्यात मोठी झालीय आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणायला मी तिला एकटीला पाठवत नाही कारण फूटपाथवर टू-व्हीलर चढतात, राँग साइडने कोण येईल सांगता येत नाही. तिला मिळालेलं स्वातंत्र्य आम्ही काढून घेतलं असं वाटतं मला, आणि त्याचा त्रास अजून होतो.

दुसरं म्हणजे आजारपण. नवऱ्याची स्लिप डिस्क झाली, अडीच महिने घरी. तिकडे पहिले ६ आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, मग हेल्थ इन्शुरन्सकडून ग्रॉस पगाराच्या (टॅक्स वगैरे कापण्याआधीच्या) साधारण ७०% मिळतात, त्यामुळे हप्ते, भाडं कशाचीच काळजी करावी लागली नाही. पण स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट ७ आठवड्यांनंतरची! पुण्यात मी संध्याकाळी डॉक्टरकडे जाते आणि रात्री एक्स-रे घेऊन घरी येते, अर्थात खिशात पैसे असतील तर. आणि त्या अडीच महिन्यांत आमच्या दारात कुणी आलं नाही. शेजारी वाईट नव्हते, सगळे हसून हॅलो म्हणायचे, पण जिना झाडायची आमची आठवड्याची पाळी आली (स्टुटगार्टच्या भागातल्या, म्हणजे स्वाबियन लोकांत ही पद्धत आहे) तेव्हा तीही मीच केली, डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, बाळासारखं नवऱ्याला बघायचं, मुलीला आणायचं, आणि बोलायला फक्त फोनवर आई.

इथे सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तर १० मिनिटांत बिल्डिंगमधली चौघं धावत आली, समोरच्या काकूंनी १५ दिवस डबा दिला. आम्ही परत आलो ते सासूबाईंसाठीच. आईवडिलांना कायमचं तिकडे नेणं सोपं नाही, त्या वयात हेल्थ इन्शुरन्स मिळवणं हाच मोठा अडथळा होतो.

तर माझं मत, मुलगी ४ वर्षांची आहे म्हणजे जाण्यासाठी हीच वेळ चांगली, बालवाडीतच ती जर्मन उचलेल. तुम्ही मात्र इथूनच जर्मनचा क्लास लावा, ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा तिकडचा परवाना) नवऱ्याला जर्मनची बी-वन, म्हणजे मधली लेव्हल असेल तर २१ महिन्यांनी पर्मनंट रेसिडेन्ससाठी अर्ज करता येतो, ए-वन या अगदी सुरुवातीच्या लेव्हलवर २७ महिने. तुमच्या घरी मोठी माणसं कोण आहेत, त्यांच्याजवळ दुसरं कुणी आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी सांगा.