बोनेट बदलून गाडी किती हलकी होते?

कार्बन फायबरच्या पॅनेलबद्दल नागपूरच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले पाच इथे घेतो.

प्रश्न : माझी स्विफ्ट आहे. ॲक्सेसरीजवाला म्हणतो, कार्बन फायबरचं बोनेट टाका, गाडी हलकी होईल आणि ॲव्हरेज लिटरमागे दोन-तीन किलोमीटरने वाढेल. करू का? (मनीषनगर)

बोनेट हलकं होईल, ॲव्हरेज वाढणार नाही. पोलाद पाण्याच्या सुमारे ७.८ पट जड असतं, कार्बन फायबर आणि त्याचे तंतू धरून ठेवणारं रेझिन (चिकट राळ) मिळून झालेलं पॅनेल दीड-पावणेदोन पटीच्या आत. एवढंच ऐकलं की वजन पाचव्या हिश्शावर येईल असं वाटतं. पण गाडीचा पत्रा मुळातच ०.७ मिलिमीटरच्या आसपास असतो. तेवढ्याच जाडीचं कार्बनचं पान तळहाताने दाबलं तरी लवतं, म्हणून ते दीड-दोन मिलिमीटर ठेवतात. आतून सांगाडा द्यावा लागतो, बिजागऱ्या आणि लॉकच्या जागी धातू बसवावा लागतो. शेवटी छोट्या गाडीचं बारा-तेरा किलोचं बोनेट सहा-सात किलोवर येतं.

तुमची रिकामी गाडी साधारण ९०० किलोची. त्यातले सहा किलो म्हणजे एक टक्काही नाही. इंजिन तेच ठेवून वजन १० टक्क्यांनी उतरवलं, तर इंधन तीन-चार टक्के वाचतं असा ढोबळ आडाखा आहे. त्या हिशेबाने लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी २०.०५ देईल. ३७ लिटरच्या भरलेल्या टाकीत २७ किलो पेट्रोल असतं. टाकी अर्धीच भरलीत तर त्या सहा किलोंच्या दुप्पट वजन फुकटात उतरतं.

बाहेरचे सगळेच पॅनेल बदलले तर? दारात काच, तिची मोटर आणि धडकेसाठीचा आडवा बार असतो. ते तिथेच राहणार, बदलणार फक्त वरचा पत्रा. सगळं मिळून फार तर ४० किलो निघतील, आणि त्यासाठी मोजलेल्या पैशात एखादी जुनी गाडी येईल. वजन इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, सीट, काचा, चाकं आणि सगळ्यात जास्त गाडीच्या सांगाड्यात असतं. बीएमडब्ल्यूने २०१३ साली आय-थ्री ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा प्रवासी बसतात तो सांगाडा कार्बनचा केला आणि बाहेरचे पॅनेल साध्या प्लास्टिकचे ठेवले. बॅटरीसकट गाडी १,२०० किलोच्या आसपास बसली. ज्यांच्याकडे पैसा आणि कारखाना दोन्ही होते, त्यांनी कार्बन कुठे लावला हे यातून दिसतं.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तात ‘कार्बन फायबर’ बोनेट दिसतात. खरं-खोटं कसं ओळखायचं? (प्रतापनगर)

काट्यावर ठेवा. पुष्कळदा वर कार्बनच्या विणीचा एकच थर असतो आणि खाली सगळं ग्लास फायबर. काचतंतूचं पॅनेल पोलादापेक्षा हलकं असलं तरी लवचीक असतं, म्हणून जाड करावं लागतं आणि वजन जवळजवळ पत्र्याइतकंच भरतं. काही ठिकाणी तर पत्र्यावर नक्षीचं स्टिकर लावलेलं असतं.

बोनेट उलटं करून टॉर्च मारा. खालच्या बाजूला गवताच्या काड्या विस्कटून पडाव्यात तसे पांढरट तुकडे दिसले, तर ती ग्लास फायबरची मॅट समजा. खालची बाजू काळ्या रंगाने पूर्ण झाकली असेल तर मी घेणार नाही. कडेला वीण मध्येच तुटलेली, वाकडी झालेली दिसते का, तेही बघा. विक्रेता वजन लेखी द्यायला तयार नसेल तर विषय तिथेच सोडा.

प्रश्न : आमची गाडी दिवसभर उन्हात उभी असते. नागपूरचा उन्हाळा कार्बनला सोसतो का? (वाडी)

कार्बनला सोसतो, त्याला धरून ठेवणाऱ्या रेझिनचं सांगता येत नाही. साध्या खोलीच्या तापमानावर सुकवलेलं इपॉक्सी (रेझिनचाच एक प्रकार) ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. नवतपात हवाच ४५ अंशांवर असते. काळं बोनेट उन्हात सहज ७० गाठतं, खालून इंजिनची धग वेगळी. मग पृष्ठभागावर वीण उठून दिसते, कडा वाकतात, बोनेट आणि फेंडरमधली फट एका बाजूला रुंदावते. भट्टीत १२० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला पिकवलेलं पॅनेल टिकतं, पण ते महाग.

अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळं पडतं, त्यासाठी वर चांगला क्लिअर कोट (पारदर्शक थर) हवाच. आणखी एक, जे आपले डेंटर-पेंटर सहसा सांगत नाहीत : कार्बन वीजवाहक आहे. तो पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बोल्टला थेट टेकला आणि पावसाळ्यात ओल धरली, तर बोल्ट झपाट्याने खातो. मध्ये प्लास्टिकचे वॉशर घाला.

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये आहोत. बॉडी कार्बनची करावी का? (हिंगणा रोड)

तुमचं गणित वेगळं, कारण तुमची पूर्ण गाडीच दोन-अडीचशे किलोची. तिथे सहा किलो जाणवतात. तरी पहिला पैसा बाहेरच्या पॅनेलवर घालू नका. १९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनमध्ये कार्बन आणला तो चालक बसतो त्या टबासाठी, ताठरपणा आणि सुरक्षितता मिळावी म्हणून. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझाला त्यांचा चालक जॉन वॉटसन याच्या गाडीचे तुकडे झाले आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. तेव्हापासून या पदार्थाकडे बघण्याची दृष्टीच बदलली.

कार्बनच्या दोन पातळ थरांमध्ये फोम किंवा हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारखी जाळी) घालून सपाट पट्टी बनवा, लोखंडी पट्टीशेजारी ठेवून वाकवून मोजा. त्यातून जे कळेल ते पाठ्यपुस्तकातून कळत नाही. आणि पोरांनो, कापताना-घासताना पाणी मारत राहा, चांगला मास्क आणि हातमोजे घाला. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.

प्रश्न : समृद्धीवर नेहमी जाणं-येणं असतं, गाडी सीएनजीची आहे. वजन कमी करून फायदा होईल का? (वर्धा रोड)

समृद्धीवर फार नाही. छोट्या गाडीला ताशी ६० च्या वेगात हवेचा विरोध आणि टायरचा विरोध जवळपास सारखे असतात. १२० ला हवेचा विरोध चौपट होतो, टायरचा जवळजवळ तेवढाच राहतो, आणि वजनाचा संबंध फक्त टायरच्या विरोधाशी. १२० ऐवजी १०० ने चाला, हवेचा विरोध तीस टक्क्यांनी उतरेल. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना टायरमधली हवा तपासा. सिग्नलला थांबत-निघत शहरात चालवताना मात्र वजन खरंच नडतं.

तुमच्या गाडीत कार्बन फायबर शोभेल अशी एक जागा आहे : डिक्कीतलं सिलिंडर. पोलादी सिलिंडर लिटरमागे साधारण एक किलो भरतं, म्हणजे ६० लिटरचं ६० किलोच्या घरात. प्लास्टिकच्या अस्तरावर कार्बन फायबर गुंडाळलेलं तेवढ्याच मापाचं सिलिंडर त्याच्या निम्म्याहून हलकं असतं. दहा बोनेट बदलली तरी एवढं हाती लागत नाही म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण पाच नक्कीच. फक्त ते ‘पेसो’ची, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी असलेलंच घ्या. या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. अधिकृत सेंटरमधून बसवा, आरटीओत नोंद करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. जुन्या सिलिंडरवर ठोकलेली चाचणीची तारीखही पाहून घ्या. चाचणी दर तीन वर्षांनी लागते आणि ती तारीख उलटून गेलेल्या गाड्या मला रस्त्यावर सर्रास दिसतात.