लिनक्सवर नवीन आहे. सी कंपायलरसाठी जीसीसीची टार फाइल उतरवली, आता पुढे काय करू?

आधी ती टार फाइल डिलीट करा.

उबंटू असेल तर टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’. त्यात जीसीसी, सी प्लस प्लसचा कंपायलर, मेक (प्रोग्राम बांधण्याची कमांड), हेडर फाइल्स सगळं येतं. चहा उकळेपर्यंत काम होतं.

एवढ्यावर थांबणार होतो, पण 2010 साली हीच फाइल मीही उतरवली होती. मी सेकंड इयरला, रूममेट थर्डला. त्याचं म्हणणं, तयार पॅकेज काय कुणीही टाकतं, खरा लिनक्सवाला सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून बांधतो. बांधण्याआधी सगळं आहे का ते तपासणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट चालवली तर ती अडली: जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या लायब्रऱ्या हव्यात. होस्टेलला नेट नाही, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेच्या फेऱ्या. अखेर रात्री दहाला मेक सुरू झालं. जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो. जुन्या कंपायलरने एकदा, जो तयार झाला त्याने पुन्हा, आणि त्याने परत एकदा; मग शेवटच्या दोन खेपांच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले तुकडे) तंतोतंत जुळतात का ते ताडून बघतो. माझ्या पीसीला 1 जीबी रॅम. झोपेतून उठून बघावं तर ओळी सरकतच आहेत. आणि सकाळी लोडशेडिंग. यूपीएस कुठला असायला!

रूममेट म्हणाला, “घाबरू नकोस, परत मेक दे, तिथूनच पुढे जाईल.” गेलंही. मग एक ऑब्जेक्ट फाइल अर्धवट लिहिलेली निघाली आणि हे तुकडे जोडणारा लिंकर ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणून रुसला. दोन दिवसांवर सबमिशन होतं, लिंक्ड लिस्टचं. मी गुपचूप पॅकेजवाल्या जीसीसीवर प्रोग्राम चालवून जर्नल पूर्ण केलं.

हो, पॅकेजवाला जीसीसी पीसीवर आधीपासूनच होता! तो नसता तर पहिली खेप कशाने बांधली असती? तो इन्स्टॉल करून दिला होता याच खऱ्या लिनक्सवाल्याने, ॲप्टनेच. हे माझ्या डोक्यात यायला काही वर्षं गेली. तो मात्र अजूनही भेटला की चारचौघांत सांगतो, याने धीर सोडला.

असो. फेडोरा असेल तर ॲप्टऐवजी डीएनएफ, आणि पॅकेजचं नाव जीसीसी. जीसीसी तयार प्रोग्रामला ‘ए.आउट’ नाव देतो; तो चालवताना नावाच्या आधी डॉट-स्लॅश द्या, नाहीतर ‘कमांड नॉट फाउंड’ येईल. पुस्तक टर्बो सीचं असेल तर ‘कोनिओ.एच’ आणि ‘क्लिअरस्क्रीन’च्या ओळी खोडून टाका, इथे त्या चालत नाहीत.

सोर्समधून बांधणं वाईटच असं नाही. वेगळ्या प्रोसेसरसाठी क्रॉस कंपायलर हवा असेल तर कधीकधी बांधावाच लागतो. तेव्हा कॉन्फिगरला प्रीफिक्स (कुठे टाकायचं तो पत्ता) देऊन वेगळ्या फोल्डरात टाका, आणि लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा.