वाचकांचे प्रश्न : आकाशात दिसलं, फायलीत गेलं

मागच्या अंकात मी लिहिलं रडारवर उमटणाऱ्या पक्ष्यांच्या थव्यांबद्दल, आणि पत्रं आली ती उडत्या तबकड्यांबद्दल. चालायचंच. वायुदलात ग्राउंड रडारवर नोकरी केलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच विचारतात. सारख्या मजकुराची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझे मामा २०१२ मध्ये पँगाँग भागात तैनात होते. रात्री पिवळसर गोळे क्षितिजावरून वर येत आणि तासन्‌तास सरकत राहत, असं ते आजही सांगतात. पुढे पेपरात आलं की ते गुरू आणि शुक्र होते. सीमेवरच्या जवानाला गुरू-शुक्र ओळखता येत नाहीत, असं म्हणायचं आहे का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांगा. आणि हेही सांगा, की ते कोडं सुटलं ते जवानांनी ठेवलेल्या नोंदींमुळेच.

ठाकुंग ही पँगाँग सरोवराकाठची जागा. पलीकडे चीन. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात तिथे अशा वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी झाल्या, आणि त्यांतल्या १५५ वेळा ‘वस्तू’ने प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचंही लिहिलं गेलं. परग्रहवासी कुणाच्या डोक्यात नव्हते. संशय होता चिनी टेहळणी ड्रोनचा, आणि तो रास्त होता. एप्रिल २०१३ मध्ये देपसांगला चिनी तुकडी तंबू ठोकून तीन आठवडे बसली, असे ते दिवस. तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे फिरतं रडार आणून लावलं, त्यावर काही उमटेना. ड्रोन वर सोडलं, ते पुरी उंची गाठूनही त्या वस्तूजवळ पोचेना. कसं पोचणार? डिसेंबरात गुरू आपल्यापासून साठ कोटी किलोमीटरवर होता.

मग भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं गेलं. तिची हान्ले इथली वेधशाळा लडाखमध्येच, साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. खगोलवाल्यांना वर्णनात रस नसतो. त्यांना हवं असतं : किती वाजता, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वर, शेजारी कोणता तारा. अशा नोंदी समोर आल्यावर उत्तर लपून राहत नाही, कारण आकाशातली कोणतीही दूरची वस्तू रोज साधारण चार मिनिटं आधी उगवते, म्हणजे महिन्याला दोन तास. ऑगस्टच्या सुरुवातीला मध्यरात्र उलटल्यावर वर येणारा गुरू ३ डिसेंबरला सूर्याच्या बरोबर समोर आला, आणि सूर्य मावळताना उगवू लागला. पहाटेचा गोळा म्हणजे शुक्र. ६ जून २०१२ च्या सकाळी काळे चष्मे लावून आपण ज्याचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणं, पाहिलं, तोच हा. पुढे काही आठवड्यांत तो पहाटे पूर्वेला झळकू लागला होता. इतकं नेमकं वेळापत्रक पाळणारं ड्रोन कुठल्याही सैन्याकडे नाही.

आता ‘ओळखता येत नाहीत का’ हा तुमचा खरा सल. फलटणला गुरू दिसतो तो धुळीतून आणि दिव्यांच्या उजेडातून. चार हजार मीटरच्या वर हवा विरळ, अंधार मिट्ट. अशा जागी शुक्राच्या प्रकाशात सावलीसुद्धा पडते. शिवाय काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की तो हलल्यासारखा वाटतो. हा डोळ्यांचा स्वभाव आहे, वैमानिकांचेही डोळे त्याला अपवाद नाहीत. आणि समजा मामांना ‘हा ग्रह असावा’ असं वाटलं असतं, तरी पहाऱ्यावरच्या माणसाने ते मनात ठेवून गप्प बसायचं नसतं. दिसलं ते कळवायचं. त्यांनी तेच केलं.

प्रश्न : अमेरिकेच्या हवाई दलाने अशा घटनांचा बरीच वर्षं तपास केला म्हणतात. त्यातून निघालं काय? शेवटी काही प्रकरणं ‘अज्ञात’ राहिलीच ना?
— निवृत्त मुख्याध्यापिका, कुडाळ

उत्तर : राहिली. एकूण १२,६१८ नोंदी, त्यांतल्या ७०१ अज्ञात. पण बाई, त्या ७०१ कडे वळण्याआधी तपास कसा चालला ते पाहा.

सुरुवात २४ जून १९४७ ची. केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ नऊ चकचकीत वस्तू वेगाने जाताना दिसल्या, आणि पेपरवाल्यांनी त्यांच्या तबकड्या केल्या. जानेवारी १९४८ मध्ये हवाई दलाने ‘प्रोजेक्ट साइन’ सुरू केला, मग ‘ग्रज’ आणि १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’. कचेरी ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर.

७ जानेवारी १९४८ चं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. केंटकीत आकाशात काहीतरी मोठं, चकाकणारं दिसत होतं. कॅप्टन थॉमस मँटेल या २५ वर्षांच्या वैमानिकाने त्यामागे आपलं मस्टँग विमान वर वर नेलं. जवळ ऑक्सिजन नव्हता. वीस हजार फुटांच्या वर शुद्ध हरपली आणि विमान कोसळलं. तपासणाऱ्यांनी आधी म्हटलं, शुक्र होता. भर दुपारी! तो ‘स्कायहूक’ जातीचा फुगा असणार, हे नंतर पुढे आलं : तीसेक मीटर व्यासाचा, फार उंचावर तरंगणारा आणि नौदलाचा गुप्त प्रकल्प. म्हणजे एका खात्याचा माणूस दुसऱ्या खात्याच्या फुग्यामागे जाऊन मेला, आणि तपास करणाऱ्याला त्या फुग्याची माहितीच नव्हती. गुप्तता आणि चौकशी एकाच घरात नांदू लागल्या की असं होतं. परग्रहवासी लपवले म्हणून लोक सरकारवर चिडतात. मला चीड येते ती या फुग्याची.

जुलै १९५२ मध्ये तर राजधानीवरच प्रसंग आला. लागोपाठ दोन शनिवारी रात्री वॉशिंग्टनच्या नागरी विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले. लढाऊ जेट विमानं पाठवली, ती आली की ठिपके गायब. २९ जुलैला मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांना महायुद्धानंतरची सर्वांत मोठी पत्रकार परिषद घ्यावी लागली. त्यांचं उत्तर होतं, हवेचे थर उलटलेले होते. जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा असली की रडारचा किरण वाकतो, खाली येतो आणि जमिनीवरच्या वस्तूंचे इको, म्हणजे आपटून परत आलेले ठिपके, दाखवतो.

तिथल्या रडारवाल्यांपैकी काहींना ते पटलं नाही. मला बरंचसं पटतं, कारण मी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर उन्हाळे काढले आहेत. एप्रिल-मेच्या रात्री वारा पडला की स्कोपवर, म्हणजे रडारच्या पडद्यावर, असा काही बाजार भरायचा, की नवीन पोरगा पहिल्याच ड्यूटीला हबकून जायचा. जिथे नुसतं पाणी असायला हवं तिथे ओळीने इको. मुरलेला ऑपरेटर आधी अँटेना किंचित वर उचलून बघतो, मग शेजारच्या युनिटला फोन करतो, आणि मगच तोंडातून शब्द काढतो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर हजार मैलांपलीकडचा अरबस्तानचा किनारा उमटला होता. हे त्या शास्त्रातलं प्रसिद्ध उदाहरण आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने शास्त्रज्ञांची समिती बसवली, अध्यक्ष एच. पी. रॉबर्टसन. तिला तबकड्यांपेक्षा धास्ती होती ती लोकांच्या तक्रारींच्या पुराची : त्यात रशियाच्या खऱ्या हल्ल्याची वर्दी बुडाली तर? तेव्हा लोकांचं कुतूहल थंड करा, असा सल्ला तिने दिला. त्यानंतर ‘ब्लू बुक’ची माणसं कमी झाली आणि उरलेल्यांचा भर शेरा मारून फाइल मिटवण्याकडे गेला. मार्च १९६६ मध्ये मिशिगनला लोकांनी दिवे पाहिले, तेव्हा हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी दलदलीतल्या वायूचं नाव घेतलं. देशभर हसं झालं. तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, म्हणजे पुढचे राष्ट्राध्यक्ष, यांनी संसदीय सुनावणी मागितली. मग कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांचा अभ्यासगट बसला, त्याने ‘यातून विज्ञानाला काही मिळणार नाही’ असा निष्कर्ष काढला, आणि १७ डिसेंबर १९६९ ला ‘ब्लू बुक’चं दुकान बंद झालं.

तर ते ७०१. अज्ञात म्हणजे हाती असलेल्या कागदांवर उत्तर निघालं नाही, इतकंच मी धरतो. वेळ, दिशा, उंची न लिहिलेलं प्रकरण पन्नास वर्षांनी उघडलं तरी तसंच राहणार. सैन्याच्या चौकशीचा मूळ प्रश्नच ‘धोका आहे का’ हा असतो. ‘नाही’ असं उत्तर आलं की पुढचं शोधायला तिथे ना माणूस उरतो ना पैसा. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने तर २००९ मध्ये स्वच्छ सांगितलं, की पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका दिसला नाही, आणि अशा नोंदी घेणारा विभागच बंद केला. फ्रान्सने १९७७ मध्ये हे काम सैन्याऐवजी आपल्या अंतराळ संस्थेकडे दिलं. मला विचाराल तर शहाणपणाचं केलं.

प्रश्न : पेंटॅगॉनने स्वतः प्रसिद्ध केलेल्या व्हिडिओत समुद्रावरून प्रचंड वेगाने जाणारी वस्तू दिसते. वैमानिक थक्क होऊन ओरडतात. याला काय म्हणाल?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : एप्रिल २०२० मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झालेल्या तीन फितींपैकी ही ‘गो फास्ट’. तू अभियांत्रिकीचा आहेस, तर वैमानिकांच्या ओरडण्याकडे कान देऊ नकोस, पडद्यावरचे आकडे वाच. विमानाची उंची २५,००० फूट. वस्तूचं अंतर सुमारे ४.४ सागरी मैल, कॅमेरा खाली झुकलाय सुमारे २६ अंश. कोनाची साइन घे, अंतराला गुण. वस्तू विमानाच्या खाली पावणेबारा हजार फूट, म्हणजे समुद्रापासून तेरा हजारांच्या आसपास उंच. पाण्यालगत नव्हतीच ती. वेग दिसतो तो बहुतांशी विमानाचा. कोकण रेल्वेच्या खिडकीतून जवळचा खांब मागे पळतो तसा. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये हा हिशोब मांडला, तेव्हा वस्तूचा सरासरी वेग निघाला ताशी ४० मैल. एवढा तर तिथला वाराच असतो.

मार्च २०२४ मध्ये अशाच प्रकरणांचा तपास करणाऱ्या पेंटॅगॉनच्या ‘आरो’ या कार्यालयाने १९४५ पासूनच्या सरकारी चौकशांचा आढावा प्रसिद्ध केला. परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नाही, हा त्याचा निष्कर्ष. सगळी प्रकरणं सुटली असं मात्र त्यात म्हटलेलं नाही.

प्रश्न : इम्फाळला राफेल पाठवली होती. मग काही सापडलं का?
— सहा-सात वाचक

उत्तर : १९ नोव्हेंबर २०२३. विमानतळावरून काहीतरी दिसलं, उड्डाणं काही तास थांबली, हाशिमारा तळावरून राफेल गेली. वायुदलाने सांगितलं की ती लहान वस्तू नंतर दिसली नाही. बस्स.

लोक विचारतात, रडारला कशी नाही दिसली? रडार मुद्दाम आंधळं करावं लागतं. ढग, पक्षी, सावकाश सरकणारं सगळं गाळलं नाही तर स्कोपवर विमान शोधणं अशक्य. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या हद्दीत आलेला चिनी फुगा पाडल्यावर अमेरिकेने ही गाळणी सैल केली, आणि आठ दिवसांत आणखी तीन वस्तू दिसल्या. तिन्ही पाडल्या. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ह्यूरॉन सरोवरावर तर पहिलं क्षेपणास्त्र चुकलं, दुसरं सोडावं लागलं. त्यांतली एखादी म्हणजे हौशी मंडळींचा छोटासा फुगा असावा, असा दाट संशय आहे. साप साप म्हणून भुई धोपटणं याहून महाग कधी पडलं नसेल.

प्रश्न : हे सगळं झाकायला पेन्शनबरोबर काही वेगळं मिळतं का?
— नाव नाही, शिक्का जळगावचा

उत्तर : महागाई भत्ता मिळतो. तोही उशिरा.

प्रश्न : २ एप्रिल २०२२ ला आमच्या सिंदेवाही तालुक्यात आकाशातून लोखंडी कडं पडलं होतं. पुन्हा तसं काही शेतात सापडलं तर कळवायचं कुणाला?
— शेतकरी, जि. चंद्रपूर

उत्तर : त्या संध्याकाळी विदर्भ-खानदेशात अनेकांनी आकाशात जळत्या रेघा पाहिल्या होत्या. लाडबोरीला पडलेलं ते सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तुकडा असावा, असं अभ्यासकांनी उपग्रहांच्या नोंदींवरून सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेलं ते रॉकेट वर्षभर घिरट्या घालून खाली आलं. असं काही पडलं तर हात लावायचा नाही. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस पाटलाला सांगा, तो तहसीलला कळवील. कधी पडलं ती वेळ आणि कुठल्या दिशेने आलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

पण मोठं रंगीत पॅराशूट आणि त्याला लटकलेली पेटी दिसली, तर ती बहुधा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. हैदराबादहून ते शास्त्रीय फुगे सोडतात. फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि उपकरणं वाऱ्याप्रमाणे आपल्या महाराष्ट्रातही उतरतात. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर असतो. काहींच्या आत जास्त दाबाची वीज असते, म्हणून उघडायची नाही. पोलीस ठाण्यात कळवलं की संस्थेची माणसं येऊन घेऊन जातात आणि सापडवणाऱ्याला खर्चासकट बक्षीसही देतात. पेटी उचकटलेली निघाली, तर मात्र बक्षीस नाही.